चकाकी दाराकडे, चकाकी घड्याळाकडे

जगात माणसं दोनच प्रकारची असतात. एक आत येणारी, दुसरी बाहेर जाणारी. आत येणारा माणूस आधी लांबून जातोय असं भासवतो, मग अचानक वळून थेट मुळावर घाव घालतो, आणि काय झालं हे कळायच्या आधी तुमचा कारभार आटोपलेला असतो. बाहेर जाणाऱ्याची तऱ्हा वेगळी. तो लाघवी असतो. जवळ येतो, आपलासा वाटतो, तुम्हाला हात पुढे करायला लावतो आणि ऐन वेळी अंग काढून घेतो. पुढे केलेल्या हाताचं काय करायचं ते मग मागे टपून बसलेले लोक ठरवतात. राजवटी, भागीदाऱ्या, सोयरिकी, आजवर जे जे कोसळलं ते या दोघांपैकी एकामुळे कोसळलं. इनस्विंग आणि आउटस्विंग हे चेंडूचे प्रकार आहेत असं ज्याला वाटतं त्याने ना क्रिकेट पाहिलंय, ना माणसं.

हा सिद्धांत सलूनवाल्याने रविवारी सकाळी वस्तरा हातात धरून मांडला, आणि तो मांडून होईपर्यंत खुर्चीतल्या औषधवाल्याची कानापुढची एक कल्ली दुसरीपेक्षा अर्धं बोट वर गेली होती.

औषधवाल्याला ते दिसलं नाही, कारण त्याचा चष्मा काढून पावडरच्या डब्याला टेकवून ठेवला होता. सलूनवाल्याला दिसलं. पण सिद्धांत मोठा होता आणि कल्ली लहान, म्हणून त्याने मानेवरून ब्रश फिरवला आणि पांढरा कपडा झटकला.

"सिद्धांत बरा आहे," औषधवाला म्हणाला. तो बाजारपेठेच्या संघाचा कर्णधार होता आणि गोळ्या दिवसातून कितीदा घ्यायच्या हे ज्या आवाजात सांगायचा त्याच आवाजात संघही चालवायचा. "फक्त एक अडचण आहे. तू आत येणाऱ्यावरही बाद होतोस आणि बाहेर जाणाऱ्यावरही. तीन वर्षं झाली. तिन्ही वेळा शून्य."

"पहिल्या वर्षी डोळ्यांत ऊन होतं."

"दुसऱ्या वर्षी?"

"ढग होते."

औषधवाल्याने चष्मा चढवला. तो एका बाजूने किंचित वर राहिला. त्याने तो नीट केला, तो पुन्हा तसाच झाला. "हे बघ," तो म्हणाला, "घड्याळवाला मुलीकडे राहायला गेला. पाट्यांची जागा रिकामी झालीय. आज शून्यावर परत आलास, तर पुढच्या वर्षीपासून पाट्या तू लावायच्या. चिडून बोलत नाही. संघाचा निर्णय आहे."

सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर अर्ध्यातच थांबला.

पाट्या म्हणजे मैदानाच्या कडेच्या लाकडी फळ्यावर खिळ्यांना अडकवायचे पत्र्याचे आकडे. काम सोपं होतं. फक्त फळ्याचं तोंड लोकांकडे असल्यामुळे पाट्या लावणारा फळ्याच्या मागे, खुर्चीवर बसायचा आणि त्याच्या पुढ्यात लाकडाशिवाय काही नसायचं. त्याला सामना ऐकू यायचा, दिसायचा नाही. घड्याळवाला अकरा वर्षांपूर्वी त्या खुर्चीत बसला तो बसलाच. एके काळी तो संघाचा यष्टिरक्षक होता हे आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. सलूनवाला चोपन्न वर्षांचा होता. आठवड्याचे सहा दिवस तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. वर्षातून एक रविवार त्याच्या समोर भिंत नसायची. तो रविवार आता एका धावेवर टांगला होता.

"एक धाव," औषधवाला दारातून म्हणाला. "शंभर नाही मागत." आणि चष्मा सरळ करत निघून गेला.

मागच्या पडद्याआडून सलूनवाल्याची बायको गरम पाण्याचं भांडं घेऊन आली. दुकानाच्या मागेच दोन खोल्यांत त्यांचा संसार होता, आणि पडदा पातळ होता, त्यामुळे तिला काही सांगावं लागायचं नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "माझा भाऊ येईल आता. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याला कापू नका, आणि शून्यावर येऊ नका. दोन्ही एकाच दिवशी झालं तर मी माहेरीही जाणार नाही आणि इथेही बोलणार नाही. मग बसा."

"मी काय मुद्दाम येतो शून्यावर?"

"ते मला माहीत नाही. तीन वर्षं त्याची बायको, माझी वहिनी, मांडीला मांडी लावून बसते आणि म्हणते, 'वन्सं, ह्यांनी मुद्दाम नाही हो केलं.' ते ऐकून घेण्यापेक्षा एक धाव काढा. एकच काढा. मला तेवढी पुरे."

बाजारपेठ आणि गोदाम रस्ता यांच्यात वर्षातून एकदा सामना व्हायचा, आणि तीन वर्षं सलूनवाल्याला पहिल्याच चेंडूवर घरी पाठवणारा गोदाम रस्त्याचा गोलंदाज हा त्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ होता. धंद्याने तो फर्निचरला पॉलिश करायचा. या गोष्टीला महत्त्व होतं. सामन्याचा एक जुना रिवाज असा, की दोन्ही डावांत मिळून एकच चेंडू वापरायचा. पहिल्या वर्षी दुसरा चेंडू आणायला गेलेला माणूस परतच आला नव्हता, तेव्हापासूनची ही प्रथा. दुसऱ्या डावाच्या शेवटाला त्या चेंडूची एक बाजू वीट होऊन जायची. दुसरी बाजू मात्र, पॉलिशवाल्याच्या तळहाताखालून आणि मांडीवरून गेल्यामुळे, जेवणाच्या टेबलासारखी चमकायची. अशा चेंडूला हवेत वळायला निमित्तही लागत नाही. तो चकाकीकडे पाठ करतो आणि खडबडीत बाजूकडे निघतो.

आणि दुसरा रिवाज घरचा. सामन्याच्या सकाळी मेव्हणा दाढी करायला याच दुकानात यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आला, मग येत राहिला. एकाने मान पुढे करायची आणि दुसऱ्याने ती दुपारपर्यंत सलामत ठेवायची, असा तो सलोखा होता.

"दाजी, आटपा लवकर," पॉलिशवाला आत आला तोच मोठ्याने बोलत. खुर्चीत बसला, पाय लांब केले. त्याच्या हातात गेल्या वर्षीचा चेंडू होता. "ताई माझ्यावर खार खाऊन आहे. म्हणते, तू लपवून टाकतोस, त्यांना फसवतोस. म्हणून यंदा उघड कारभार. आत कसा जातो, बाहेर कसा जातो, सगळं दाखवून टाकतो तुम्हाला. तरी बाद व्हाल ते व्हालच."

"दाखव की."

"दाखवतो, पण आधी..."

सलूनवाल्याने नेमका तेवढ्यात त्याच्या तोंडाला ब्रश लावला. ही धंद्याची सवय. गिऱ्हाईक मुद्द्यावर आलं की हात आपोआप साबणाकडे जातो. नाकापासून गळ्यापर्यंत फेस झाला आणि पॉलिशवाल्याचा मुद्दा फेसाखाली गेला.

आता सलूनवाल्याची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तीस वर्षांत त्याने कुठल्याही गिऱ्हाईकाकडे सरळ पाहिलं नव्हतं. तो खुर्चीमागे उभा राहायचा आणि बोलणं, हसणं, भांडणं, दु:खात सामील होणं, सगळं समोरच्या आरशातून करायचा. त्यामुळे त्याच्या ओळखीची सगळी माणसं आरशातली होती. रस्त्यात समोरून आली की त्यांचे भांग भलत्या बाजूला दिसायचे आणि तो गोंधळायचा. वीस वर्षं दर महिन्याला केस कापून घेणाऱ्या बेकरीवाल्याला त्याने एकदा बेकरीतच विचारलं होतं, "मालक नाहीत का आज?"

तर पॉलिशवाल्याने कपड्याखालून उजवा हात बाहेर काढला आणि चेंडू समोर धरला. सलूनवाल्याने वस्तरा त्याच्या गळ्याला लावला आणि डोळे आरशातल्या चेंडूला लावले. आरशात उजवीकडे दुकानाचं दार दिसत होतं, डावीकडे भिंतीवरचं घड्याळ.

चेंडूची चकाकती बाजू दाराकडे होती.

"हा बाहेर जाणारा?"

पॉलिशवाल्याने मान हलवायला सुरुवात केली.

"मान हलवू नकोस! मरशील. डोळे मिट. हो असेल तर एकदा मिट."

पॉलिशवाल्याने डोळे एकदा मिटले. वस्तरा गळ्याच्या घाटीवरून वर सरकला. चेंडू बोटांत फिरला. आता चकाकी घड्याळाकडे.

"म्हणजे हा आत येणारा?"

डोळे मिटले. मग पुन्हा मिटले. मग तीन-चारदा फडफडले.

"हो का नाही? एकदा म्हणजे हो. हे कितीदा झालं?"

घशातून काहीतरी आवाज आला. सलूनवाल्याने वाकून पाहिलं. फेसाचा एक ओघळ डोळ्यात गेला होता. त्याने टॉवेलच्या टोकाने डोळा टिपला आणि श्वास रोखून पुन्हा विचारलं, "चकाकी घड्याळाकडे. आत?"

डोळे एकदा, सावकाश, नीट मिटले.

चकाकी दाराकडे, बाहेर. चकाकी घड्याळाकडे, आत. एवढंच होतं? तीन वर्षं जो माणूस त्याला देवाचा कोप वाटत होता, त्याचं सगळं गणित एका दारात आणि एका घड्याळात मावत होतं! आणि नजरेचं म्हणाल तर दाढीत चुकून राहिलेला एक केस तो रस्त्यापलीकडून ओळखायचा. बावीस पावलांवरून चेंडूची चमक दिसायला त्याला काय धाड भरली होती? या आनंदात हात जरासा हलला.

"आई गं!"

गालावरच्या तिळाशेजारी लाल रेघ उमटली. सलूनवाल्याने तुरटी फिरवली, मग कापसाचा एक बोळा दाबून बसवला.

पडद्याआडून आवाज आला, "कापलंत ना?"

"नाही गं, तुरटी थंड लागली त्याला," सलूनवाला म्हणाला.

"कापलं, ताई," पॉलिशवाला म्हणाला.

पडदा हलला. मग म्हणाला, "एक झालं."

दुपारी सामना सुरू झाला. गोदाम रस्त्याने आधी फलंदाजी केली. मग बाजारपेठेची माणसं एकामागून एक गेली आणि त्याच क्रमाने परत आली. सलूनवाला मंडपात पॅड बांधून बसला होता. त्याचा नंबर शेवटचा होता. त्याने मैदानाचा नकाशा मनात पक्का केला. खेळपट्टीवर गोलंदाजाकडे तोंड करून उभं राहिलं, की उजव्या हाताला मंडप, डाव्या हाताला पाण्याची टाकी. म्हणजे मंडप हे दार झालं आणि टाकी हे घड्याळ. चकाकी मंडपाकडे, बाहेर. चकाकी टाकीकडे, आत. तो ओठ हलवत हे म्हणत राहिला. शेजारी बसलेल्या शिंप्याला वाटलं, बिचारा प्रार्थना करतोय. त्याने आदराने थोडं सरकून जागा दिली.

फळ्यामागची खुर्ची आज रिकामी होती. आकडे बदलायला जो मोकळा असेल तो पळत जायचा. वाऱ्याने शून्याची पाटी खिळ्यावर हलत होती आणि फळ्यावर टकटक वाजत होती. सलूनवाल्याने तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं.

शेवटचं षटक उरलं तेव्हा जिंकायला तीन धावा हव्या होत्या. चेंडू पॉलिशवाल्याच्या हातात होता. पहिल्याच चेंडूवर शिंपी शून्यावर त्रिफळाचित झाला. परत येताना त्याने सलूनवाल्याच्या कानात सांगितलं, "आत आला." दोन पावलं जाऊन तो वळला. "का बाहेर गेला? जाऊ दे, गेला."

पाच चेंडू, तीन धावा, एक गडी. दुसऱ्या टोकाला बेकरीवाला उभा होता, जो पळू शकत होता पण एकदा पळाला की थांबायला त्याला वेळ लागायचा. अंपायर होता दातांचा डॉक्टर. दोन्ही संघांच्या दाढा त्याच्या हाताखालून गेल्या होत्या आणि पुढेही जायच्या होत्या, त्यामुळे त्याच्या निर्णयावर कुणी तोंड उघडत नसे.

सलूनवाल्याने गार्ड घेतला. त्याला आपल्या बायकोकडे बघायचं होतं, पण तिच्या शेजारी तिची वहिनी बसली होती आणि तिचं तोंड आत्ताच सांत्वनासाठी तयार दिसत होतं.

पॉलिशवाला लांबून धावत आला. चेंडू मांडीवर घासला होता तिथे पँटवर लांबच लांब तांबडा पट्टा होता. हात वर गेला. सलूनवाल्याला स्वच्छ, अगदी स्वच्छ दिसलं. चकाकी मंडपाकडे. म्हणजे दाराकडे. म्हणजे बाहेर.

त्याने राजासारखी बॅट उचलली आणि चेंडूला जाऊ दिलं. जा बाबा.

चेंडू गेला नाही. अर्ध्या वाटेवर त्याने विचार बदलला, आत वळला आणि ऑफ स्टंपला इतक्या जवळून चाटून गेला की वरची बेल थरथरली, खोबणीत एकदा हलली आणि पुन्हा बसली. यष्टिरक्षकाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पॉलिशवाला खेळपट्टीच्या मधोमध गुडघ्यावर बसला.

"दाजी!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "सोडता काय असा? घरच्यांचा तरी विचार करा!"

डोळ्याने चुकीचं पाहिलं असेल? की सकाळी मेव्हण्याने थाप मारली? पण माणूस गळ्याला वस्तरा लागलेला असताना थाप मारतो का? तीस वर्षांच्या अनुभवानुसार, नाही. उलट त्या खुर्चीत माणसं नको इतकं खरं बोलतात.

पुढचा चेंडू. चकाकी टाकीकडे. म्हणजे घड्याळाकडे, म्हणजे आत. सलूनवाल्याने बॅट पॅडला चिकटवून दार लावल्यासारखी बंद केली. चेंडू समोर आला, जवळचा वाटला, आणि ऐन वेळी बाहेरच्या बाजूला सटकला. बॅटच्या कडेत आणि चेंडूत एक केस मावला असता. वस्तऱ्याने काढण्याजोगा, बारीक.

"आऊट!" यष्टिरक्षकासकट आठ जण ओरडले. दातांच्या डॉक्टरने मान आडवी हलवली. आठही जणांनी तोंडं मिटली.

तीन चेंडू उरले. फळ्यावरची पाटी टकटक वाजत होती. त्याला ती खुर्ची दिसली. तिच्यासमोरची फळ्याची पाठ दिसली, तिच्यातून बाहेर आलेली खिळ्यांची टोकं दिसली. वर्षाचे सगळे रविवार भिंत. त्याने बॅटच्या मुठीवरचा घाम शर्टाला पुसला आणि धावत येण्यासाठी मागे गेलेल्या आणि आता त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या आपल्या मेव्हण्याकडे पाहिलं.

मेव्हण्याच्या गालावर कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता. पांढरा ठिपका उन्हात चमकत होता.

टाकीच्या बाजूच्या गालावर.

सलूनवाल्याने डोळे मिचकावले. हा बोळा त्याने स्वतः लावला होता. आरशात बघून. तो दाराच्या बाजूला होता. तीळही दाराच्या बाजूला होता, गेली सव्वीस वर्षं होता. दार म्हणजे मंडप. मग बोळा मंडपाकडच्या गालावर असायला हवा. तो टाकीकडे कसा गेला?

क्षणभर त्याला वाटलं की हा मेव्हणा नाहीच, मेव्हण्यासारखा दिसणारा दुसराच कुणीतरी आहे. रस्त्यात त्याला नेहमी वाटायचं तसं. मग त्याला बेकरीतला मालक आठवला. भलत्या बाजूचे भांग आठवले. आणि त्याच्या डोक्यात, तीस वर्षांत पहिल्यांदा, आरसा उलटा फिरला. सकाळी तो मेव्हण्याच्या मागे उभा होता. आत्ता समोर उभा आहे. जे तिथे उजवं, ते इथे डावं. चकाकी टाकीकडे असेल तर बाहेर. मंडपाकडे असेल तर आत.

सगळं बरोबर होतं. फक्त माणूस खरा होता.

"अंपायर, जरा थांबा," तो म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला बसला. नाडी बांधलेलीच होती. त्याने ती सोडून पुन्हा बांधली. इतक्या वर्षांची सवय मोडायला तेवढा वेळ हवाच.

पॉलिशवाला धावला. हात वर गेला. चकाकी टाकीकडे. त्याच्या अंगातली एकूण एक शीर 'आत, आत' म्हणून ओरडत होती. त्याने दात आवळले आणि बॅट उचलून बाजूला घेतली.

चेंडू बाहेर गेला. शहाण्यासारखा, सांगितल्यासारखा, एक हात लांबून गेला.

पॉलिशवाल्याचं हसू थांबलं. तो खेळपट्टीवर तीन पावलं जास्त चालत आला.

"दाजी, आज काहीतरी दिसतंय तुम्हाला."

"तुझ्या गालावरचा बोळा दिसतोय," सलूनवाला म्हणाला. "टाक पुढचा."

दोन चेंडू. आता पॉलिशवाला मागे गेला तो बराच वेळ परतलाच नाही. चेंडू मांडीवर घासत राहिला. एकदा फुंकर मारली, एकदा बाहीला पुसला, पुन्हा मांडीवर. मैदान इतकं गप्प होतं की ती घसघस मंडपापर्यंत ऐकू येत होती. मंडपात औषधवाला उभा राहिला आणि त्याने चष्मा सरळ केला. चष्मा वाकडा झाला. त्याने तो पुन्हा सरळ केला. बायकोने पदराचं टोक मुठीत धरलं. बेकरीवाल्याने पळण्यासाठी आधीच श्वास घेऊन ठेवला.

पॉलिशवाला आला. हात वर गेला. सूर्य त्या गोल, पॉलिश केलेल्या बाजूवर एकदा लखकन चमकला.

मंडपाकडे.

आत, सलूनवाला मनाशी म्हणाला. आत येणारच तू. ये.

चेंडू लांबून निघाला, वळला आणि पायाच्या दिशेने घुसला. सलूनवाला तिथे आधीच पोचला होता. त्याने मनगट वळवलं. कल्लीचा शेवटचा हात मारताना वळवायचा तेवढंच, जास्त नाही. टप् असा आवाज झाला. चेंडू बॅटच्या मधोमध लागून टाकीकडे घरंगळत निघाला.

"पळ!" बेकरीवाला ओरडला आणि सुटला.

सलूनवाला पळाला. तीन वर्षांत या मैदानावर त्याने फक्त जायचं आणि यायचं अंतर चालून पाहिलं होतं. बावीस पावलांची ही वाट पळायची कशी असते हे तो विसरला होता. पॅड गुडघ्यांवर आपटत होते. समोर पॉलिशवाला स्टंपपाशी चेंडूची वाट बघत उभा होता. सलूनवाला त्याच्या शेजारून गेला, रेघेपलीकडे बॅट टेकवली, आणि एक धाव झाली.

एक.

त्याला ओरडायचं नव्हतं, तो ओरडला. मग त्याला मंडपातली आपली बायको दिसली. ती उभी राहिली होती, आणि तिच्या शेजारच्या वहिनीचं तोंड उघडं होतं पण त्यातून काही बाहेर येत नव्हतं. सलूनवाल्याने बॅट उंच केली. मंडपाच्या दिशेने, रेघ ओलांडून, चार पावलं टाकली, म्हणजे तिला नीट दिसावं. बॅटचं पातं आधी बायकोला दाखवलं, मग औषधवाल्याला, मग फळ्यामागच्या रिकाम्या खुर्चीलाही दाखवलं.

"मागे फिर!" बेकरीवाला दुसऱ्या टोकावरून किंचाळला. "अरे, मागे फिर!"

टाकीकडून आलेला चेंडू पॉलिशवाल्याच्या हातात पडला. त्याने दाजींकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. मग टेबलावरची धूळ झटकावी तितक्या हलक्या हाताने त्याने बेल खाली पाडली.

दातांच्या डॉक्टरने बोट वर केलं. एका धावेने बाजारपेठ हरली.

माणसं मैदानात आली. गोदाम रस्त्याने एकमेकांना मिठ्या मारल्या. पॉलिशवाला तेवढ्यातून निसटून सलूनवाल्याजवळ आला आणि मान खाली घालून उभा राहिला. "दाजी, माफ करा. हात थांबेना."

"तू सकाळी आरशातून दाखवलंस," सलूनवाला म्हणाला.

"मी? मी चेंडू समोर धरला होता. आरशात तुम्ही बघत होतात."

बायको आली. तिने आधी भावाच्या गालावरचा बोळा काढला, जखम पाहिली आणि बोळा पुन्हा बसवला.

"बाद झालो गं," सलूनवाला म्हणाला.

"मी एकच मागितली होती," ती म्हणाली. "तुम्ही एक काढलीत. पुढचं माझ्या शब्दात नव्हतं." आणि वहिनीकडे बघून तिने इतक्या गोड आवाजात, "ह्यांनी मुद्दाम नाही हो केलं," असं म्हटलं की वहिनी तीन पावलं मागे सरली.

मग सगळे बाजूला झाले, कारण औषधवाला येत होता. त्याच्या हातात फळ्यावरची शून्याची पाटी होती. संघ त्याच्या मागे अर्धवर्तुळात उभा राहिला. सलूनवाल्याने बॅट पाठीमागे घेतली. एक धाव काढली खरी, पण सामना त्याच्यामुळेच गेला होता, हे त्या अर्धवर्तुळातल्या प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"शून्यावर आलास तर पाट्या, असं मी म्हटलं होतं," औषधवाला म्हणाला.

"हो."

"शून्यावर आला नाहीस."

"नाही."

"अख्ख्या संघाला तुला टाकीत बुडवायचंय."

"बरोबर आहे त्यांचं."

"पण बोललो ते बोललो." औषधवाल्याने शून्याची पाटी शिंप्याच्या हातात दिली. शिंप्याने ती घेतली आणि घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाटी आपल्याकडेच का दिली. "पुढच्या वर्षी खेळशील. शेवटच्या नंबरावर. आणि धाव काढल्यावर कुणालाही, काहीही, बॅटने दाखवायचं नाही."

सलूनवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं. आत येणाऱ्यांबद्दल, बाहेर जाणाऱ्यांबद्दल, आणि जो समोर उभा राहून माणसाला सरळ बघतो त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल. त्याने श्वास घेतला. औषधवाल्याने त्याचा दंड धरून त्याला टाकीच्या आडोशाला नेलं, मागे कुणी नाही हे पाहिलं आणि चष्मा काढला.

"सकाळपासून हा सरळ बसत नाही," तो हळूच म्हणाला. "आत्ता टाकीच्या पाण्यात तोंड पाहिलं. दुकान जरा उघडतोस का? एवढी कल्ली बरोबर करून दे. आणि हे बघ, आरशाकडे पाठ करून कर."